म्हाइंभटांची विचारपूस

महानुभाव परंपरा सांगते, की भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याला गुंडम राउळ, म्हणजे गोविंदप्रभू भेटले आणि यात्रेचा मुक्कामच बदलला. हाच हरपाळदेव पुढे महानुभाव पंथाचा प्रवर्तक चक्रधर स्वामी झाला. काळ तेराव्या शतकाचा. नागपूर तेव्हा नव्हते. बख्त बुलंदाने ते वसवायला अजून चार शतकांहून जास्त अवधी होता. पण आजच्या नागपुरातल्या गांधीबागेजवळून निघणारा भंडारा रोड ज्या गावाचे नाव सांगतो, त्या भंडाऱ्याला चक्रधर गेले होते. तिथल्या निळभट्टांशी झालेली त्यांची भेट लीळाचरित्रात नोंदलेली आहे. निळभट्टांना पंथ आजही ‘भांडारेकार’ म्हणूनच ओळखतो.

गांधीबागेच्या कापडबाजारात ही कथा मला हटकून आठवते. इथल्या गाद्यांवर गुजराती, मारवाडी, सिंधी घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. घरात एक भाषा आणि लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातून आलेल्या मंडळींशी चांगली नागपुरी वळणाची मराठी. गुजरातेतून आलेल्या एका माणसाने मराठी आपली केली, तो मराठीत बोलत राहिला आणि त्या बोलण्यावर मराठी गद्याचा पाया पडला, याचे इथे कोणालाच नवल वाटू नये.

लेखकांशी आणि विचारवंतांशी होणाऱ्या संवादाची, आज आपण जिला मुलाखत म्हणतो तिची कुळकथा सांगताना बहुतेक लोक वर्तमानपत्रांपासून, नाहीतर आकाशवाणीपासून सुरुवात करतात. मला ती रिद्धपूरपासून, इसवी सन १२७८ च्या सुमारापासून सुरू करावीशी वाटते. कारण एका विचारवंताला कोणी, कुठे, काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, हे पद्धतशीर गोळा करून मराठीत लिहिण्याचे काम तिथे झाले. ते म्हाइंभटांनी केले, आणि तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, शास्त्र शिकलेले आणि वादाची हौस असलेले. चक्रधरांकडे ते आले तेही वाद घालायलाच, आणि शिष्य होऊन राहिले. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांची मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र आली. त्यांतले नागदेवाचार्य चक्रधरांच्या आठवणींचे मनन करत असत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले, की आज स्वामींच्या या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे उद्या नसतील. मग त्यांनी एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली. आधी नागदेवांना, नंतर जो जो स्वामींच्या सहवासात आला होता त्याला. ज्याला जे घडले ते त्याच्याच तोंडून ऐकायचे, असा हा शिरस्ता होता.

म्हणजे इथे विचारपूस दुहेरी आहे. शिष्यांनी स्वामींना विचारले ते प्रश्न, आणि त्या शिष्यांना म्हाइंभटांनी विचारलेले प्रश्न. यातूनच लीळेचा घाट ठरला. कितीतरी लीळांचे मथळेच ‘अमक्याची भेटि’ असे आहेत. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात उतरले होते. पूजावसर झाला होता की आरोगणा, म्हणजे जेवण. विहरणाला, म्हणजे फिरायला, निघाले होते की परतले होते, हे आधी येते. मग कोणीतरी काही विचारते. मग उत्तर. तत्त्वज्ञान येते ते असे, जेवणखाण आणि वाटचाल यांच्यामधून, समोर बसलेल्या माणसाच्या शंकेला धरून.

या विचारणाऱ्यांत सगळ्यांत पुढे आहे महदाइसा. धवळे रचणारी आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. पण माझ्या लेखी ती मराठीतली पहिली मोठी प्रश्नकर्ती आहे. ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, सदा काहीतरी विचारतच असते, अशा अर्थाचे तिचे कौतुक पंथाच्या ग्रंथात नोंदलेले आहे. एका उत्तराने तिचे समाधान होत नाही. उत्तरातून नवा प्रश्न काढावा तो तिनेच. बाइसा, आबाइसा, उमाइसा या शिष्याही विचारतात, हट्ट धरतात, रुसतात, आणि ते सगळे लिहिले जाते. बायकांच्या शंका फुटकळ म्हणून गाळल्या असत्या, तर विटाळासंबंधी स्वामींनी काय सांगितले हे आपल्याला कळलेच नसते. शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक, अशी त्यांची भूमिका होती. तेराव्या शतकातले हे उत्तर आजही अनेक घरांत पोचलेले नाही.

पुढे पंथातल्या केशोबासांनी पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात मांडायचा विचार केला, तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले. माझ्या म्हाताऱ्या याला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ही हकीकत ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथात आहे. मराठीच्या अभिमानाची गोष्ट म्हणून ती नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांच्या प्रश्नांमुळे हे ज्ञान बोलले गेले, त्यांना ते वाचून दाखवले तर समजले पाहिजे, हा नागदेवांचा आग्रह होता.

केशोबासांनी सूत्रपाठ तयार केला तो लीळांतूनच. स्वामींची वचने त्यांनी प्रसंगातून अलग काढली आणि विषयवार लावली. पाठांतराला, चिंतनाला फार सोयीचे काम. पण वचने सुटी झाली आणि अडचण उभी राहिली. हे कोणाला उद्देशून सांगितले होते? रागावून की समजावून? त्यावर उपाय म्हणून महानुभाव पंडितांनी ‘प्रकरणवश’ नावाचा भाष्यप्रकार चालवला. अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाच्या प्रश्नावरून निघाले, हे सांगणे एवढेच त्याचे काम. गांधीबागेतला जाणता गिऱ्हाईक थान उलगडले की आधी किनारीवरचे गिरणीचे नाव बघतो. विचारणाऱ्याचे नाव उत्तराला तसे लागलेले असावे लागते. आज थोरांची वाक्ये फोटोवर चिकटवून गावभर फिरतात. एखादी मुलाखत पुस्तकात येते तेव्हा प्रश्न गाळून सलग लेख केला जातो आणि मुलाखत घेणाऱ्याचे नाव ऋणनिर्देशात ढकलले जाते. मला हे मनापासून खटकते.

म्हाइंभटांची मूळ पोथी टिकली नाही. यादवांच्या राज्यावर स्वाऱ्या आल्या, त्या धामधुमीत ग्रंथ गेले. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा उतरवून घ्याव्या लागल्या. पंथातल्या हिराइसेची स्मरणशक्ती इतकी तल्लख, की तिच्या आठवणीतून उभा राहिलेला पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. साहजिकच पाठांत फरक पडले. इथे या लोकांनी जे केले त्याला तोड नाही. त्यांनी फरक मिटवले नाहीत. अमक्याच्या मते असे घडले, तमक्याच्या मते तसे, अशी नोंद लीळेच्या अंगातच ठेवली. या पाठभेदांना त्यांनी नाव दिले ‘वासना’. ज्या पुरुषाला ते साक्षात ईश्वर मानत होते, त्याच्या शब्दांबद्दलही आपल्या आठवणी जुळत नाहीत हे त्यांनी लपवले नाही.

पुढे या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि शेकडो वर्षे मठांबाहेर त्या कोणाला वाचता येईनात. त्यामुळे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त धोंडिबाला प्रश्न विचारायला लावले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लीळाचरित्र असण्याचा संभव नाही. तरीही तिथे विचारणाऱ्याला नाव आहे, शंका आहे, अडून बसणे आहे. त्यापुढची वृत्तपत्री मुलाखत इंग्रजी पत्रांकडे पाहून आली. घरातला जुना दाखला कुलुपात होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने लिपीचे कोडे सुटले. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या साहित्याचा विस्तार लोकांपुढे ठेवला. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी १९३६-३७ पासून लीळाचरित्राचे भाग संपादून छापले. मठात जपलेली ही संभाषणे मराठी वाचकाच्या हाती आली ती या विदर्भातल्या अभ्यासकांमुळे, आणि त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही. पुण्याचे शं. गो. तुळपुळे यांनीही संपादन केले. अलीकडे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी लीळाचरित्र इंग्रजीत नेले.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर या पोथ्यांचा अभ्यास केला. अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली त्यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली. काही लीळांवर पंथातून तीव्र हरकत आली आणि शासनाला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. श्रद्धावंतांचे दुखणे मी हलके लेखत नाही. पण भेद झाकून ठेवावेत, असे म्हाइंभटांच्या वारसांनी म्हणावे, हे मला पटत नाही. हिराइसेचा पाठ एका बाजूला, दुसऱ्यांचे पाठ शेजारी, असे ठेवून वाचायची सवय त्यांनीच तर आपल्याला लावली.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. २०२४ मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. तिथल्या विद्यार्थ्यांपुढे पहिले काम म्हणून मी हेच ठेवीन: हाती लागतील त्या सगळ्या पोथ्यांतल्या वासना एका पानावर समोरासमोर छापायच्या, आणि प्रत्येक लीळेत विचारणारा कोण, विचारणारी कोण, याची नावानिशी सूची करायची. महदाइसेच्या प्रश्नांचा तर वेगळा खंडच निघेल.