कोंबड्यांची मरतूक म्हणजे बर्ड फ्लूच असं नाही. ‘लिची’ रोग आणि ॲडेनोव्हायरस समजून घ्या

तीन-चार आठवड्यांचा लॉट. पक्षी वजन धरू लागलेले, खाद्यही नीट खातात. एका सकाळी शेडमध्ये वीस-पंचवीस मेलेले दिसतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. अशा वेळी गावात पहिला शब्द निघतो तो बर्ड फ्लू. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला होता आणि परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या, त्यामुळे ही भीती साहजिकच आहे. पण अफवा कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याच्या चिकन दुकानांपर्यंत पोहोचली की ज्यांच्या शेडमध्ये काहीच झालेलं नाही त्यांचाही माल पडून राहतो.

ब्रॉयलरमध्ये अशी अचानक मरतूक करणारा आणखी एक रोग आहे. पोल्ट्रीवाले त्याला ‘लिची’ म्हणतात. मेलेला पक्षी उघडला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी भरलेलं असतं आणि त्यात हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसतं. यकृत सुजलेलं, फिकट. १९८७ मध्ये पाकिस्तानात कराचीजवळच्या अंगारा गोठ भागात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून तिकडे तो ‘अंगारा रोग’. १९९४ च्या सुमारास तो भारतातल्या पोल्ट्रीत दिसला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मर सुरू होते, चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती वाढते आणि मग आपोआप उतरते. तोपर्यंत लॉटमधले २० टक्के पक्षी जातात, वाईट साथीत ७० टक्क्यांच्या वरही.

एकाच घराण्याची बारा भावंडं

याला कारण आहे कोंबड्यांचा ॲडेनोव्हायरस, प्रकार ४. ॲडेनोव्हायरस हे मोठं घराणं आहे. माणूस, कुत्रा, गाय, बदक, कोंबडी अशा अनेकांत त्याचे वेगवेगळे सदस्य राहतात. कोरोनाचा विषाणू आरएनएचा, तर हा डीएनएचा. माणसाच्या ॲडेनोव्हायरसमध्ये साधारण ३६ हजार अक्षरांचा डीएनए असतो, कोंबडीच्या विषाणूत त्याहून लांब, ४४-४५ हजारांच्या आसपास.

कोंबड्यांतील या विषाणूंचे ए ते ई असे पाच गट आणि बारा प्रकार आहेत. प्रकार ४ मुळे लिची होतो. प्रकार २, ८ आणि ११ यकृताचा वेगळा आजार करतात. काही प्रकार पक्ष्याच्या आतड्यात राहूनही विशेष त्रास देत नाहीत. कोणता प्रकार आहे हे डोळ्यांनी कळत नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचात हेक्सॉन नावाचं प्रथिन असतं. ते बनवणारा जीन प्रयोगशाळेत पीसीआरने तपासला की प्रकार समजतो.

ही माहिती शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेली आहे. लिचीची लस प्रकार ४ वर बेतलेली असते. शेडमध्ये ८ किंवा ११ फिरत असेल तर तिचा भरवसा धरता येत नाही. सुरुवातीला ही लस आजारी कोंबड्यांच्या यकृताचा अर्क फॉर्मेलिनने निष्क्रिय करून बनवली जात असे. पुढे प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून निष्क्रिय लस आली.

हा विषाणू विष्ठेतून पसरतो, आणि अंड्यातून आईकडून पिल्लातही उतरतो. म्हणजे कधीकधी शेतकरी कितीही काळजी घेवो, रोग हॅचरीतूनच आलेला असतो. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांनी मरतूक रोज तारखेनिशी लिहून ठेवावी, ती इथेच कामाला येते. गंबोरोने किंवा बुरशी लागलेल्या खाद्याने पक्ष्याची ताकद आधीच कमी झाली असेल तर मर जास्त होते.

आणखी एक अडचण. कोरोनाच्या विषाणूवर तेलकट वेष्टन होतं, साबणाने ते विरघळायचं. ॲडेनोव्हायरसला तसं वेष्टनच नाही. म्हणून नुसत्या साबणाच्या पाण्याने शेड धुवून भागत नाही. आधी जुना तूस काढून शेड स्वच्छ घासायची, मग पशुवैद्यक सांगतील ते आयोडीन किंवा ॲल्डिहाइडचं जंतुनाशक वापरायचं आणि पुढचा लॉट टाकण्याआधी शेड रिकामी ठेवायची. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग होत नाही.

मरतूक वाढली की मेलेला पक्षी घरी कापून बघू नये, कारण तो बर्ड फ्लू असण्याची शक्यताही असतेच. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवावं. पीसीआरसाठी यकृताचा नमुना बर्फात जातो, फॉर्मेलिनमध्ये नाही. राज्याची रोग निदान प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. बर्ड फ्लूवर शेवटचं शिक्कामोर्तब भोपाळच्या प्रयोगशाळेत होतं.

परळच्या जाड कोंबड्या

या घराण्याची एक गोष्ट मुंबईतलीच. १९८० च्या दशकात मुंबई परिसरात कोंबड्यांची साथ आली होती. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित डॉ. एस. एम. अजिंक्य यांनी त्यातून एक ॲडेनोव्हायरस शोधला. एसएमएएम-१ हे त्याचं नाव त्यांच्यावरूनच. लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांना एक गोष्ट खटकली. आजाराने मेलेली कोंबडी वाळलेली असायला हवी, या तर पोटात चरबी साठलेल्या होत्या. पुढे मुंबईतल्या ५२ लठ्ठ लोकांचं रक्त तपासलं तेव्हा १० जणांत या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या आणि त्यांचं सरासरी वजन इतरांपेक्षा सुमारे १५ किलो जास्त निघालं. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून चिकन खाल्ल्याने माणूस जाड होतो असं सिद्ध होत नाही; संबंध दिसला, कारण नव्हे. धुरंधर नंतर अमेरिकेत गेले आणि माणसाच्या ॲडेनोव्हायरस-३६ वर काम करत राहिले.

शत्रूला कामाला लावलं

कुत्र्यांना यकृताचा आजार देणारा ॲडेनोव्हायरस प्रकार १ आहे. त्याची जिवंत लस दिली की काही कुत्र्यांचे डोळे निळसर, धूसर व्हायचे. मग शास्त्रज्ञांनी प्रकार २ वापरला. दोघांचे जीन इतके जवळचे की लस प्रकार २ ची आणि संरक्षण दोन्हींपासून. आज डोंबिवली-ठाण्यातल्या दवाखान्यांत पिल्लांना जी एकत्रित लस टोचतात त्यात हाच प्रकार २ असतो.

दुसरा उपयोग टपालवाल्याचा. विषाणूची वाढ होण्यासाठी लागणारा जीन काढायचा आणि त्या जागी दुसऱ्या रोगाचा जीन बसवायचा. पुण्यात बनलेली कोविशिल्ड अशीच, चिंपांझीच्या ॲडेनोव्हायरसवर स्वार झालेली. कॅनडात रेबीजचा जीन घातलेला माणसाचा ॲडेनोव्हायरस आमिषात भरून जंगलातल्या रॅकूनसारख्या प्राण्यांसाठी टाकतात. अमेरिकेत २०१२ मध्ये लाळ्या-खुरकूतसाठी अशा लसीला सशर्त परवाना मिळाला. ती बनवताना लाळ्या-खुरकूतचा जिवंत विषाणू वाढवावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. आपल्याकडे गाई-म्हशींना टोचली जाते ती लाळ्या-खुरकूतची लस मात्र निष्क्रिय केलेल्या पूर्ण विषाणूचीच आहे.