सिनिअरच्या वेळापत्रकावर आधी तारीख शोधा

माझा धाकटा भाऊ धुळ्यात सीए इंटरची तयारी करतोय. दिवाळीत घरी आलो तेव्हा त्याने एक वेळापत्रक दाखवलं. कुणा सिनिअरचं, झेरॉक्सची झेरॉक्स. दुसऱ्या ग्रुपचे चार पेपर, सकाळी दोन तास वाचन, मग ऑफिस, रात्री तीन तास, सप्टेंबर अख्खा कोरा, आणि शेवटी नोव्हेंबरची परीक्षा. "दादा, हा पहिल्या झटक्यात पास झाला होता," तो म्हणाला. मी विचारलं, कोणत्या साली? ते त्याला माहीत नव्हतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न आत्ताच अंगवळणी पाडून घ्या. मी विज्ञानाचा विद्यार्थी. आमच्याकडे प्रयोगाच्या वहीत पानावर तारीख नसेल तर ते पान नसल्यासारखंच. पण इतिहासवाल्यांकडे याहून अवघड काम असतं: तारीख नसलेल्या कागदावरून तारीख काढणं. वि. का. राजवाडे ज्या धुळ्यात १९२६ साली वारले, तिथेच त्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभं आहे. गावोगावचे दप्तरातले कागद गोळा करून ते वाचण्यात राजवाड्यांचा जन्म गेला. मग त्याच गावात बसून आपण एक झेरॉक्स का वाचू नये?

वाचली. चार पेपरांपैकी एकाचं नाव होतं 'ईआयएस-एसएम'. हा पेपर इंटरला मे २०१८ च्या परीक्षेपासून आला आणि नोव्हेंबर २०२३ नंतर गेला. म्हणजे कागद या साडेपाच वर्षांतला. नवीन योजनेत इंटरचे आठाचे सहा पेपर झाले, मे २०२४ ची परीक्षा त्याप्रमाणे झाली. भावाला दुसऱ्या ग्रुपला तीनच पेपर आहेत, चार नाहीत.

दुसरा पुरावा 'ऑफिस'. जुन्या योजनेत इंटरचा एक ग्रुप निघाला की आर्टिकलशिप सुरू करता यायची, दुसरा ग्रुप काम करता करता द्यायचा. आता दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही. म्हणजे त्या सिनिअरचं अर्धं वेळापत्रक ज्या अडचणीवर उपाय म्हणून तयार झालं, ती अडचण भावाला नाहीच. आणि तरी तो सकाळी दोन तास अन् रात्री तीन तास वाचून दुपार मोकळी सोडत होता! का, तर पास झालेल्या माणसाने तसं केलं होतं.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडला: कोरा सप्टेंबर. तो का कोरा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

खान्देशात कापूस, डाळी, सोनं यांच्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी लिहायचं काम मुनीम करायचा आणि ते तो पेढीवर बसूनच शिकायचा. परीक्षा नव्हती. वही बदलायची दिवाळीला. सरकारने हिशेब तपासनिसाची पात्रता ठरवली ती १९१३ च्या कंपनी कायद्याने, तीही फक्त कंपन्यांपुरती. तेव्हा दोन प्रकारचे दाखले होते. एक सर्वत्र चालणारा आणि एक मर्यादित. मर्यादित दाखल्यावर प्रांत लिहिलेला असायचा आणि भाषाही! त्या प्रांतात, त्या भाषेतले हिशेब तपासायचे, बस. हा मर्यादित दाखला १९२० ला बंद झाला. मुंबई सरकारने १९१८ मध्ये अकाउंटन्सीचा डिप्लोमा सुरू केला होता. ती परीक्षा आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं, असं मिळून पूर्ण दाखला मिळायचा. पुस्तक अधिक उमेदवारी ही जोडी तेव्हापासूनची. १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू झाला, तरी जोडी तीच राहिली. (भाषेचं मात्र पुन्हा कुणी नाव काढलं नाही. आज पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या पोराच्या वेळापत्रकात म्हणून एक जादा काम असतंच, कायद्याची भाषा हाताला बसवण्याचं. कोणत्याही टॉपरच्या तक्त्यात ते मला दिसलं नाही.)

आता सप्टेंबर. १९८५-८६ या आकारणी वर्षापासून आयकर कायद्यात कलम ४४एबी आलं: व्यवसायाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की टॅक्स ऑडिट सक्तीचं. मग १९८९ पासून सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपवायचं ठरलं. त्याआधी कुणाचं वर्ष दिवाळीला, कुणाचं डिसेंबरला संपायचं, त्यामुळे सीएच्या ऑफिसातलं काम वर्षभर विखुरलेलं असायचं. या दोन बदलांनी ते एकाच मोसमात कोंबलं. हल्ली टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर असते, मुदतवाढ मिळाली तर पुढे. आर्टिकल पोरगं सप्टेंबरात पुस्तक उघडणार कधी? सिनिअरने महिना कोरा सोडला तो आळसाने नाही. भावाने तोच महिना कोरा सोडला असता तर मात्र तो निव्वळ वाया गेला असता. शिवाय इंटर २०२४ पासून वर्षातून तीनदा होते आणि त्यातली एक परीक्षा सप्टेंबरातच असते!

परीक्षा तीनदा झाल्याने आणखी एक गोष्ट सरकली, ती पटकन लक्षात येत नाही. ग्रुप राहिला पण एखाद्या पेपरात ६० मिळाले तर तो पुढच्या तीन परीक्षांपर्यंत सुटतो. नियमाचे शब्द तेच आहेत. पण वर्षाला दोन परीक्षा होत्या तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष, आता एकच वर्ष. 'एक पेपर सोडवून ठेव, बाकीचं निवांत बघू' हा सल्ला त्यामुळे पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही.

एक नियम मात्र बदललेला नाही, आणि तिथे सिनिअरचं ऐकावं. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एकाची तूट दुसऱ्यातून भरून निघते. समजा पहिल्यात ३०० पैकी १४२ आले, दुसऱ्यात १६४. एकेकटे दिले असते तर पहिला गेला असता. एकत्र ३०६ होतात, दोन्ही पास. अर्थात दोन्ही एकत्र पेलवत असतील तरच. भावाचं अकाउंट्स पक्कं आहे, लॉ कच्चं. लॉमध्ये त्याला ६० च्या मागे लागायची गरज नाही, ४० च्या खाली जायचं नाही एवढंच बघायचंय.

मग आम्ही बसून नवीन तक्ता केला. दोन्ही ग्रुप, मे महिन्यात. दुपार भरली. कायद्याच्या व्याख्या रोज अर्धा तास इंग्रजीत लिहून काढायच्या, मग मला फोनवर मराठीत समजावून सांगायच्या (मला त्यातलं काही येत नाही, म्हणून मी बरा श्रोता आहे). एप्रिलपासून सराव पेपर, आणि तेही रात्री गारव्यात नाही. इंटरचा पेपर दुपारी २ ते ५ असतो आणि आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे सराव पेपर २ वाजताच सुरू करायचा, कूलर बंद ठेवून, घाम पुसायला रुमाल जवळ घेऊन. आई म्हणते हा शुद्ध वेडेपणा आहे. तक्त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात त्याने स्वतःहून तारीख टाकली आणि खाली योजनेचं साल लिहिलं, २०२३.