टार्बेल, आयडा मिनर्व्हा

(५ नोव्हेंबर १८५७–६ जानेवारी १९४४). अमेरिकन शोधपत्रकार व चरित्रकार. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यात. वडील तेलाच्या लाकडी टाक्या बनवीत. पुढे ते स्वतंत्र तेल-उत्पादक झाले. १८७२ मध्ये रॉकफेलरप्रभृती बड्या कारखानदारांनी रेल्वेशी मालभाड्याच्या सवलतींचा गुप्त करार केला. त्याविरुद्ध उठलेल्या छोट्या उत्पादकांत तेही होते. शिक्षण ॲलेगेनी कॉलेजात (पदवी १८८०). काही काळ शिक्षिका. १८९१ पासून पॅरिसमध्ये वास्तव्य. ‘मॅक्ल्यूर्स मॅगझीन’मध्ये नेपोलियन व लिंकन यांची चरित्रे क्रमशः प्रसिद्ध.

याच मासिकातील, रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या इतिहासावरील लेखमाला (नोव्हेंबर १९०२–ऑक्टोबर १९०४, ग्रंथरूपाने दोन खंड, १९०४) हे तिचे प्रमुख कार्य. न्यायालयांतील साक्षी, विधिमंडळांचे चौकशी-अहवाल व जुन्या वृत्तपत्रांच्या फायली तिने चाळल्या. क्लीव्हलंडमधील शोधकामात जॉन सिडल याचे साहाय्य झाले. मार्क ट्वेनच्या मध्यस्थीने कंपनीचा वरिष्ठ अधिकारी हेन्री रॉजर्स तिला भेटू लागला. रेल्वेचे कारकून प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची खबर कंपनीला पुरवितात, हा आरोप तो नाकारीत असे. पुढे कंपनीत रद्दी जाळण्याचे काम करणाऱ्या एका मुलाला त्या कागदांत आपल्या रविवारच्या शाळेतील शिक्षकाचे नाव वारंवार दिसले. हा शिक्षक स्वतंत्र तेल-व्यावसायिक होता आणि त्याचा माल कोठे, किती जातो याच्या त्या नोंदी होत्या. मुलाने ते कागद त्याला दिले, त्याने ते टार्बेलला. मजकूर छापून येताच रॉजर्सने भेटी बंद केल्या.

कंपनीची कार्यक्षमता ती मोकळेपणाने मान्य करते. तिचा आक्षेप मार्गांवर आहे. ग्रंथाच्या परिशिष्टांत मूळ करार व साक्षी छापल्यामुळे वाचकाला तिचे विधान स्वतः तपासता येते, आणि शोधपत्रकारितेला तिने दिलेली सर्वांत मोलाची देणगी हीच होय. रॉकफेलरवरील १९०५ मधील व्यक्तिचित्र त्या तोडीचे नाही. तेथे पुराव्याची जागा चेहऱ्याच्या वर्णनाने घेतली आहे. वडिलांचा व्यवसाय आणि प्रतिस्पर्धी कंपनीत असलेला भाऊ यांमुळे तिच्या तटस्थतेवर आक्षेप घेतले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे विभाजन करून ३४ कंपन्या केल्या. या निकालात लेखमालेचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

१९०६ मध्ये सहकाऱ्यांसह ‘द अमेरिकन मॅगझीन’ चालविण्यास घेतले. स्त्रियांच्या मताधिकारास तिचा विरोध होता. ‘ऑल इन द डेज वर्क’ हे आत्मचरित्र १९३९ मध्ये प्रसिद्ध. ब्रिजपोर्ट (कनेटिकट) येथे निधन. तिची कागदपत्रे ॲलेगेनी कॉलेजच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत.