चाकाभोवतीचा पिंजरा : टायर कामगाराच्या सुरक्षिततेचा इतिहास

१/ ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना माणसाने कुठे उभे राहावे, याचा स्वतंत्र नियम अमेरिकेच्या संघीय शासनाने १९८० साली केला. तोवर हवेच्या टायरला नव्वद वर्षे उलटून गेली होती. हा नियम का करावा लागला आणि तो झाल्यावरही त्याच्या कक्षेबाहेर कोण राहिले, याचा हा मागोवा.

२/ बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सायकलचा टायर लवचिक होता, त्यामुळे तो हातांनीही रिमवर चढवता येई. पुढे अवजड ट्रकांसाठी जाड, ताठर टायर आले. टायरच्या आतल्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचा वेढा असतो आणि तो ताणला जात नाही. असा टायर रिमच्या उंच कडेवरून पलीकडे न्यायचा कसा?

३/ त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सुट्या भागांची रिम. एका बाजूची कड वेगळी करायची, टायर सरकवायचा, कड परत लावायची आणि खोबणीत पोलादी लॉक रिंग ठोकून ती अडकवायची. हातोडा आणि टायर लिव्हर यांच्या बळावर भर रस्त्यातही ट्रकचा टायर बदलता येऊ लागला. सोय मोठीच होती. मात्र हवेचा सारा रेटा आता त्या एका रिंगवर आला.

४/ हा रेटा किती? ट्रकच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड दाब असतो आणि टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ शेकडो चौरस इंच भरते. म्हणजे कडेवर दहा टनांहून अधिक जोर पडतो. शिवाय दाबलेली हवा आवळलेल्या स्प्रिंगसारखी असते. रिंग गंजलेली, वाकलेली वा दुसऱ्याच बनावटीची असेल, तर ती खोबणीतून निसटते आणि समोर ओणव्या असलेल्या माणसाला मागे सरण्याइतकाही अवधी मिळत नाही.

५/ अशा मृत्यूला ‘निष्काळजीपणा’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु नीट बसलेली रिंग आणि बसल्यासारखी दिसणारी रिंग यांतला फरक अनुभवी नजरेलाही चकवू शकतो. १९७० मध्ये अमेरिकेत कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांविषयी व्यापक कायदा झाला. कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे दायित्व त्याने मालकावर टाकले.

६/ त्याच कायद्याखाली १९८० चा नियम आला. सुट्या भागांच्या रिमवरून टायर उतरवण्याआधी हवा पूर्ण काढायची. तडे गेलेले, वाकलेले वा गंजून खड्डे पडलेले भाग बाद करायचे. बाहेर काढलेल्या चाकात हवा भरताना ते पोलादी पिंजऱ्यात ठेवायचे. नळीचे तोंड व्हॉल्व्हला चिमट्यासारखे आपोआप धरून राहील असे हवे आणि नळी इतकी लांब हवी, की कामगार रिंगच्या संभाव्य मार्गाबाहेर उभा राहील.

७/ या नियमाचा भर केवळ कामगाराच्या सावधपणावर नव्हता. रिंग निसटू शकते हे गृहीत धरून माणसाला तिच्या वाटेतून दूर ठेवायचे, हा त्यामागचा विचार. रिमचे तक्ते ज्या कामगाराला वाचता येत नाहीत, त्याला समजेल अशा रीतीने त्यातील माहिती देण्याची जबाबदारीही मालकाचीच ठरली.

८/ पण अखंड रिमवरचे अवजड टायरही फुटत होते. म्हणून १९८४ मध्ये नियमाचा विस्तार करून अवजड वाहनांची अखंड रिमची चाके त्यात आणली गेली. मोटारगाड्या आणि पिकअप यांची हलकी चाके मात्र बाहेरच राहिली.

९/ त्या हलक्या वाहनांतही सापळा होता. १६ इंची टायर १६.५ इंची रिमवर चढतो, पण बीड जागेवर बसत नाही. तो बसावा म्हणून आणखी हवा भरली, की तारांचा वेढा तुटून टायर फुटू शकतो. अशाच जोडीने जखमी झालेल्या एका मेकॅनिकचा खटला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. टायरवर इशाऱ्याचे ठळक चित्र होते. तरीही १९९८ मध्ये न्यायालयाने निर्माता कंपनीविरुद्धचा निर्णय उचलून धरला : अधिक सुरक्षित रचना शक्य असताना केवळ इशारा छापल्याने उत्पादक आपोआप दोषमुक्त होत नाही.

१०/ भारतातील ट्रकांवरही ट्यूब आणि लॉक रिंग यांची जोडी दीर्घकाळ चालत आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सर्वसाधारणपणे वीज वापरणारी किमान १० किंवा वीज न वापरणारी किमान २० कामगारांची जागा ‘कारखाना’ मानली. महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानात मालक आणि हाताखालचा एखादा पोऱ्या असतो. कॉम्प्रेसर तोच, रिंग तीच, दाबही तोच. पण माणसे मोजून आखलेल्या व्याख्येत ते दुकान बसत नव्हते.

११/ अमेरिकेत ही रेषा चाकाच्या प्रकारावरून आखली गेली, भारतात कामगारांच्या संख्येवरून. सुटलेली रिंग यातले काहीच पाहत नाही. लांब नळी, व्हॉल्व्हला धरून राहणारे तोंड आणि मजबूत पिंजरा ही तीन साधने दोनच माणसांच्या दुकानातही तितकीच उपयोगी पडतात.