काळी पडलेली ज्वारी

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोरडे आभाळ उभे राहते. १८७६-७८ चा दुष्काळ असो वा १९७२ चा, रेशनच्या दुकानातल्या तांबड्या मिलोची आठवण असो, ही सारी हकीगत आपण पाऊस न आल्याची म्हणूनच सांगतो. परंतु पाऊस आला म्हणूनच घरातले धान्य खाण्यास अयोग्य ठरावे, असाही एक इतिहास आहे; आणि पुसेगावसारख्या काळ्या मातीच्या गावाने तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि १९९९ साली हिंगोली जिल्ह्यात आला. राज्ये बदलली, पण भाकरी दीर्घकाळ ज्वारीचीच राहिली. येथील जुन्या खरीप ज्वारीचा एक गुण विलक्षण होता. मृगात पेरली तरी दिवसमान आखूड होऊ लागल्यावाचून ती निसवत नसे. पाऊस ओसरल्यावर दाणा भरे आणि कोरड्या हवेत पिके. असा वाळलेला दाणा बळदात वा पेवात निर्धास्तपणे ठेवता येई. आपल्या पूर्वजांनी बुरशीचे शास्त्र वाचले नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे बियाणे मात्र पारखून निवडले होते.

१९६४ साली 'सी. एस. एच. १' हे संकरित वाण आले. देशात धान्याची टंचाई होती आणि या वाणाने उत्पन्न वाढविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण ते सुमारे शंभर दिवसांत तयार होई. दाणा पक्व होण्याची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच येऊ लागली. कणसे भिजली, दाण्यावर बुरशी चढली आणि 'काळी ज्वारी' हा शब्द बाजारात रूढ झाला.

काळा दाणा केवळ कुरूप नसतो. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेली, बुरशीची ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष आढळले. भाकरी भाजल्याने असले विष पुरते नष्ट होत नाही.

आज प्रश्न अधिक बिकट झाला आहे, कारण आता ऋतूच सरकू लागला आहे. वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत; हवामान खात्याने २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर केली. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. म्हणून पडणारा पाऊसही धो-धो पडतो. ज्वारीची जागा घेणारे सोयाबीनही या तडाख्यातून सुटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मराठवाड्याने ते पाहिले.

श्रोतेहो, भिजलेले धान्य स्वस्त होते, आणि स्वस्त धान्य कोणाच्या ताटात जाते हे सांगण्याची गरज नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो कोरड्या दुष्काळाच्या अनुभवातून. ओल्या दुष्काळासाठीही तशीच दूरदृष्टी हवी. कापलेले पीक झाकण्यास शेड, दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणणारी वाळवणीची सोय आणि काळा दाणा वेगळा काढणाऱ्याला योग्य भरपाई, एवढे तरी गावोगाव झाले पाहिजे. जुन्या ज्वारीने पावसाशी जमवून घेतले होते. आता ते काम आपल्याला करावयाचे आहे.