मोहोरबंद नमुन्यापासून रिलीज ब्रँचपर्यंत

चेन्नईलगतच्या आवडीत रणगाड्याची रचना करणारे आणि तो बांधणारे शेजारी-शेजारी आहेत. सीव्हीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा १९७६ पासून रचनेचे काम करते. बांधणीचे काम हेवी व्हेइकल्स फॅक्टरीचे. डिसेंबर १९६५ मध्ये तिथूनच भारतात बांधलेला पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. नगरचे रणगाडा संग्रहालय पाहिलेल्यांना विजयंता ओळखीचा असेल. रचनाकार आणि कारखाना या दोघांच्या मध्ये एक तिसरे खाते आहे, गुणवत्ता हमीचे. त्याचे नाव बाहेर फारसे कुणी घेत नाही, पण अधिकार मोठा आणि त्या अधिकाराचे नाव त्याहून भारदस्त: अथॉरिटी होल्डिंग सील्ड पर्टिक्युलर्स. रचना घडत असते तोवर आराखडे प्रयोगशाळेच्या हाती असतात. रचना पक्की झाली की ते मोहोरबंद होऊन या खात्याकडे जातात. त्यानंतर रचनाकाराला कितीही सुंदर कल्पना सुचो, कारखान्यातला एक बोल्टसुद्धा आपला आपण बदलत नाही. आधी प्रस्ताव, मग चाचणी, मग मंजुरी.

मुक्त-स्रोत प्रकल्पात काम केलेल्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. कोडच्या मुख्य ब्रँचवर, म्हणजे शाखेवर, रोज नवे काहीतरी येऊन पडत असते. आवृत्तीची तारीख जवळ आली की त्यातून एक रिलीज ब्रँच काढायची आणि तिच्यावर नव्या सोयींना बंदी घालायची. दुरुस्त्या तेवढ्या आत येणार, त्याही कुणीतरी तपासून. आजची तरुण मंडळी ही रीत गिटसोबत आली असे समजतात. मला हे घराणे बरेच जुने वाटते, आणि त्याचा मूळपुरुष प्रोग्रॅमर नव्हता.

ब्रिटिश सैन्याला बंदुका पुरवणारे कारागीर अनेक आणि विखुरलेले होते. एकाची नळी दुसऱ्याच्या दस्त्यात बसायची तर सगळ्यांपुढे एकच नमुना हवा. म्हणून मंजूर झालेल्या नगाला लाखेची मोहोर लावून तो शस्त्रखात्याकडे जपून ठेवत आणि वाद झाला की त्याच्याशी ताडून पाहत. पुढे नमुन्यांना ‘मार्क’चे क्रमांक आले. बदल मोठा असेल तर मार्क वाढे. किरकोळ असेल तर आकडा तोच ठेवून पुढे एक चांदणी लावत. ली-एनफील्ड रायफलीचा मार्क थ्री १९०७चा. महायुद्धात उत्पादन झटपट व्हावे म्हणून १९१६ मध्ये तिच्यातून मॅगझिन कट-ऑफ आणि दूरच्या माऱ्याची साइट वगळली, आणि ती मार्क थ्री स्टार झाली. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यानेही हीच बंदूक बनवली. ही चांदणी म्हणजे आजच्या आवृत्तीक्रमांकातला शेवटचा बिंदू आणि त्यापुढचा आकडा.

मला याहून मोलाची वाटते ती १८६० पासून छापली जाऊ लागलेली ‘लिस्ट ऑफ चेंजेस’. ब्रिटिश युद्धसामग्रीतला प्रत्येक मंजूर बदल त्या यादीत परिच्छेद-क्रमांकासह आणि तारखेसह येई: काय बदलले, कशात बदलले. कोठारातली बंदूक नव्या नमुन्याची की जुन्या, हे दूरच्या छावणीतल्या आर्मररला या यादीवरून ताडता येई. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचे रिलीजचे पान हे याच यादीचे वारस.

मार्कची परंपरा आवडीत अजून नांदते आहे. अर्जुन मार्क-१चे १२४ रणगाडे सैन्याने मागवले. सप्टेंबर २०२१ मध्ये ११८ मार्क-१एची मागणी नोंदवली गेली. मार्क-१एमध्ये ७२ नवी वैशिष्ट्ये असल्याचे सरकारनेच जाहीर केले. बहात्तर बदल आणि आकडा मात्र एकचाच, पुढे फक्त एक ‘ए’! एवढ्यावर कुठलाही रिलीज मॅनेजर भुवया उंचावेल.

रायफलीकडून सॉफ्टवेअरकडे येणारा धागा अमेरिकेतून जातो. १९५०-६०च्या दशकांत तिथे क्षेपणास्त्रे वेगाने तयार होत होती. सांगतात की एखादे उड्डाण यशस्वी होई, पण नेमके काय उडाले याची पुरी नोंद नसल्याने तसेच दुसरे बांधणे अवघड जाई. त्यातून ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’चे लष्करी नियम आले, आणि ते नियम व शब्द संगणकवाल्यांनी उचलले. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली. तीत प्रत्येक आवृत्तीला चार आकडे मिळू शकत: रिलीज, लेव्हल, ब्रँच, सीक्वेन्स. म्हणजे रिलीज आणि ब्रँच एससीसीएसमध्येच एका क्रमांकात एकत्र आले होते. नंतर १९८० च्या दशकात आरसीएस आणि सीव्हीएस आले. सीव्हीएसवर फ्रीबीएसडीसारख्या प्रकल्पांनी रिलीज ब्रँच सांभाळण्याचे खरे शास्त्र बसवले.

लिनक्सने आधी वेगळा मार्ग धरला होता. कर्नलच्या क्रमांकातला दुसरा आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर प्रयोग. २.४ जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या काळात नव्या सोयी २.५ मध्ये अडकल्या. विक्रेत्या कंपन्या वैतागून त्या सोयी आपापल्या २.४ मध्ये ओढून आणू लागल्या आणि प्रत्येकाची स्थिर शाखा निराळी झाली. मोहोर एकाच ठिकाणी नसेल तर असेच होते. शेवटी विषम आकड्याची प्रथा सुटली. मार्च २००५ मध्ये २.६.११.१ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत स्थिर शाखेचे नियमही आले: दुरुस्ती छोटी हवी, संदर्भाच्या ओळी धरून शंभराच्या आत. पुढे आणखी एक अट पक्की झाली, ती दुरुस्ती मुख्य शाखेत आधीच असली पाहिजे. या शेवटच्या अटीत सगळे शहाणपण आहे. बग आधी जुन्या शाखेत दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती मुख्य शाखेत न्यायची राहिली, की पुढच्या आवृत्तीत तो पुन्हा उगवतो. गिट त्याच वर्षी एप्रिलमध्ये आले. त्याने ब्रँच काढणे फुकट केले. सांभाळण्याचे कष्ट जिथल्या तिथेच राहिले.

डेबियन या लिनक्स वितरणाने शाखांना नावे दिली: स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावे देतात, आणि अनस्टेबल कायमची ‘सिड’, खेळणी मोडणारा तो शेजारचा पोरगा. चेन्नईतच सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली बॉस लिनक्स याच डेबियनवर उभी आहे. अशा उपशाखेचे काम दुप्पट असते. मूळ प्रकल्पाने भगदाड बुजवले की ती दुरुस्ती आपल्याकडे आणायची, आणि भारतीय भाषांसाठी केलेली आपली भर तिच्याखाली चिरडली गेली नाही ना, हे पाहायचे.

उरले प्रकल्पाचे संकेतस्थळ. सुरुवातीला ते एफटीपी सर्व्हरवरच्या फायलींकडे बोट दाखवणारे पान होते. २००८ मध्ये गिटहबने पेजेस ही सोय आणली, तेव्हा कित्येक प्रकल्पांचे संकेतस्थळ त्याच रिपॉझिटरीतल्या ‘जीएच-पेजेस’ नावाच्या ब्रँचवर राहू लागले. या ब्रँचचा इतिहास सहसा कोडच्या इतिहासाला कुठेच जोडलेला नसतो. त्यामुळे एक चूक हमखास होते: दस्तऐवज मुख्य ब्रँचवरून तयार होतात आणि वापरणाऱ्याकडे असते मागची स्थिर आवृत्ती. पानावर लिहिलेला पर्याय त्याच्या यंत्रात नसतोच. म्हणून जाणते प्रकल्प प्रत्येक रिलीज ब्रँचचे दस्तऐवज वेगळे प्रसिद्ध करतात आणि जुन्या पानावर ठळक सूचना लावतात. डेबियनने याहून बारीक काम केले आहे. अनुवादित पानाच्या फायलीत मूळ इंग्रजी पानाची आवृत्ती नोंदलेली असते, आणि मूळ पान फार पुढे गेले की अनुवाद शिळा झाल्याचे वाचकाला तिथेच दिसते.

पण मोहोर आणि यादी एकाच दाराआड ठेवण्यात धोका असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा डाउनलोडचा दुवा त्याने चोरदार घातलेल्या आयएसओकडे वळवला. रिलीज ब्रँचला कुणी हातही लावला नव्हता. कोड शुद्ध होता, तपासलेला होता. पण पानावरचा चेकसमही घुसणाऱ्याला बदलता येत असेल, तर तो ताडून पाहण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणूनच काळजी घेणाऱ्या प्रकल्पांत आयएसओसोबत जीपीजी सही दिली जाते, आणि सहीची खासगी किल्ली वेबसर्व्हरवर कधीच ठेवली जात नाही.