कषाय : चीवराचा रंग आणि कान्हेरीचे रान

‘काषाय’ हा शब्द आपण भिक्खूंच्या वस्त्राविषयी वापरतो. परंतु मुळात तो रंगाचे नाव नव्हे. कषाय म्हणजे तुरट रस, तसेच साल-मुळे उकळून काढलेला काढा. त्या काढ्यात भिजलेले ते काषाय. तोंडाला तुरटपणा आणणारे टॅनिन हे द्रव्यच सुती धाग्याला धरून बसते आणि त्यास तांबूस-तपकिरी छटा देते. आज दुकानात मिळणाऱ्या झगझगीत भगव्या कापडाशी याचा संबंध फारच थोडा.

महावग्गातील चीवरक्खन्धकात या रंगकामाची हकिगत मोठ्या बारकाईने आली आहे. प्रारंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवरे रंगवीत आणि ती विद्रूप दिसत. तेव्हा तथागतांनी सहा प्रकारच्या रंगांची अनुज्ञा दिली : मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून निघणारे. न उकळलेल्या रंगाने चीवरास दुर्गंधी येऊ लागली, म्हणून रंग शिजविण्यासाठी लहान मडक्याची अनुज्ञा मिळाली. रंग शिजला की नाही हे कसे ओळखावे? त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा. अट्ठकथा सांगते की शिजलेल्या रंगाचा थेंब पाण्यात एकदम पसरत नाही. पुढे पळी आली, घट आले, रंगविण्याची द्रोणी आली. जमिनीवर वाळत घातलेले चीवर धुळीने माखे, म्हणून गवताचे अंथरूण आले. ते वाळवीने खाल्ले, म्हणून वेळू व दोरी आली. दोरीवर रंग एकाच बाजूस उतरू लागला, तेव्हा चीवर उलटसुलट करीत राहावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून हलू नये, असा नियम झाला. ज्याने कधी स्वतःच्या हाताने कापड रंगविले आहे, त्याला या प्रत्येक अडचणीची खूण पटेल.

हे काम भिक्खूंचे होते, ही गोष्ट साधी वाटली तरी साधी नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न ब्राह्मणाने खाऊ नये अशांच्या यादीत कपडे धुणारा आणि रंगविणारा या दोघांचाही समावेश आहे. दहाव्या अध्यायात तर संकटकाळीही रंगीत कापड विकण्यास ब्राह्मणाला मनाई आहे. संघात मात्र कोणत्याही कुळातून आलेला भिक्खू मडक्याखाली जाळ घालीत होता, हात रंगवून घेत होता आणि तेच वस्त्र पांघरून भिक्षेला जात होता.

सहा प्रकारांना अनुज्ञा असली तरी भडक रंगांना नव्हती. संपूर्ण निळे, पिवळे, तांबडे, मंजिष्ठ किंवा काळे चीवर महावग्गानेच निषिद्ध ठरविले आहे. पाचव्या शतकातील समन्तपासादिका ही अट्ठकथा वनस्पतींची नावेच घेते : मुळांत हळद वर्ज्य, पानांत नीळ वर्ज्य, फुलांत पळस आणि करडई वर्ज्य. फळांत मात्र काहीच वर्ज्य नाही. ही अट्ठकथा सिंहलातील थेरवादी परंपरेची. कान्हेरीच्या चैत्यलेखात भद्रायणीय आचार्यांचा उल्लेख आहे, हा निकायभेद ध्यानात ठेवला पाहिजे. तरीही बोरिवलीच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडी पळस फुलतो तेव्हा या नियमाची आठवण होते. रानातला सर्वांत उठावदार रंग बाजूला ठेवावयाचा, आणि खैर, ऐन यांसारख्या तुरट झाडांचा मंद रंग जवळ करावयाचा! कान्हेरीच्या भिक्खूंना असा रंग देणारी झाडे दाराशीच होती, असे मला वाटते. लेण्यांशेजारी कोरलेल्या पाण्याच्या पोढी वर्षावासाच्या अखेरीस भरलेल्या असणार, आणि कठिन चीवर तर एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते.

कापड कोठून येई, याचे उत्तर शिलालेख देतात. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरिक मिळावे, ही अट. वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. हिशेब चोख आहे. कान्हेरीच्या लेखांतही अशा अक्षयनीवी आहेत. तेथे चीवरिक १६ कार्षापण असल्याचे आढळते. एका लेखात मंगलठाण, म्हणजे बोरिवलीचे आजचे मागाठाणे, येथील शेताचे दान आहे. त्या मागाठाण्यातील स्वतःची लेणी आज वस्तीत दबून गेली आहेत, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

अलीकडे कापडावर पाने मांडून, ते गुंडाळून वाफवायचे आणि पानाचा ठसा उमटवायचा, ही कला शहरांतून शिकविली जाते. सागाचे कोवळे पान लाल रंग सोडते. लोहाच्या पाण्यात भिजविलेल्या कापडावर तुरट पान काळसर ठसा देते. क्रिया तीच, टॅनिनची. मात्र विनयाच्या दृष्टीने पानाचा रंग चालेल, पानाची नक्षी चालणार नाही : ज्या प्रकरणात भडक रंग नाकारले, त्याच प्रकरणात फुलांची किनार असलेली चीवरेही नाकारली आहेत. दोरीवरचे चीवर पुन्हापुन्हा उलटावे लागे, तेही रंग एकाच बाजूस उतरू नये म्हणून.